शेजारच्या घरात मारहाण होतेय, मी काय करू?

“मॅडम, नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये म्हणतात. पण भिंतीपलीकडून मार ऐकू येतो, तेव्हा करायचं काय?” कोपरखैरण्यातून आलेल्या एका काकूंनी विचारलं. (तपशील बदलून, परवानगीनं लिहितेय.) त्यांना धास्ती दोन गोष्टींची: तो आपल्यावर उलटेल आणि कोर्टकचेरी मागे लागेल.

कोर्टाची भीती मी आधी काढली. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 4 अशाच माणसांसाठी आहे. हिंसा होतेय असं सकारण वाटलं, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मारहाण चालू असेल तर थेट 112 या आपत्कालीन नंबरवर फोन.

पहिली भीती मात्र रास्त. म्हणूनच ‘जाऊन जाब विचारा’ असं मी सांगत नाही. तो राग नंतर तिच्यावरच निघतो. काकूंना म्हटलं, आवाज चढला की बेल वाजवा, काहीतरी किरकोळ मागा. एकट्या जाऊ नका.

काकू वाटी घेऊन गेल्या, सोबत मुलगा. दार त्यानंच उघडलं.

“विरजण संपलंय रे आमचं.”

त्याची बायको वाटी घेऊन बाहेर आली, गालावर वळ. काकूंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. “दुपारी ये गं, कैऱ्या चिरायच्यात,” एवढंच.

ती आली, पण बऱ्याच दिवसांनी. इथेच शेजाऱ्यांचा धीर सुटतो. ‘सोडून का देत नाहीस त्याला?’ असं विचारलं की बाई पुन्हा फिरकत नाही. काकूंनी नुसतं ऐकून घेतलं. नवरा मोबाइल तपासायचा, म्हणून 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. तिचं आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले आपल्या कपाटात ठेवले.

माझ्याकडे आली तेव्हा तिला वाटत होतं, घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे आपण रस्त्यावर. कलम 17 प्रमाणे नांदत्या घरात राहायचा हक्क तिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबत हे मान्य केलं. ते ऐकून ती ताठ बसली.

संरक्षण आदेशासाठी, म्हणजे त्यानं पुन्हा हिंसा करू नये अशा कोर्टाच्या आदेशासाठी, अर्ज गेलाय. त्याच्या मंडळातल्या, तो ज्याचं ऐकतो अशा एखाद्या पुरुषानं ‘हात उचलायचा नाही’ असं त्याला बजवायला हवं. तिच्या संमतीनं मी सध्या तसा माणूस शोधतेय.