पूरमदतीच्या साहित्यासाठी ॲप घेतल्यास संस्थेचे काम खरोखर सुधारते का?

सुधारते, परंतु माल ज्या ठिकाणी एका हातातून दुसऱ्या हातात जातो, त्याच ठिकाणी आणि त्याच वेळी नोंद होणार असेल तरच. आपली संस्था पावसाळ्यात मदतसाहित्य साठवून वाटते आणि वह्या सोडून ॲपवर जाण्याचा खर्च वसूल होईल का, असे आपण विचारले आहे. मी पूरकाळात मिरजेतील एका गोदामाची आवक-जावक सांभाळली आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. राज्यभरातून गाड्या येत होत्या, त्यामुळे खरी अडचण मालाची नव्हती, तर कोणते गाव कशावाचून अडले आहे हे वेळेत कळण्याची होती. पलूस तालुक्यातील एका गावासाठी निघालेला टेम्पो रस्ता पाण्याखाली गेल्याने अलीकडच्याच गावात रिकामा झाला. चालकाने मालासोबतच्या चलनाच्या (पावतीच्या) पाठीवर त्या गावाचे नाव आणि किटांचा आकडा पेनाने लिहून आणला, पण गोदामाच्या वहीत माल मूळ गावाच्याच नावावर राहिला आणि ‘मदत मिळालेले गाव’ म्हणून ते दुसऱ्या दिवशीच्या यादीतून गळाले.

म्हणून गोदामातून किती गाड्या सुटल्या यावर कामगिरी मोजू नये. मागणी नोंदवल्यापासून पोच मिळेपर्यंत किती तास गेले आणि मागितलेल्यापैकी किती माल खरोखर पोहोचला, हे दोन आकडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मागणीही अंदाजाने नोंदवू नये. आपत्तीतील मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांनुसार पिण्यासाठी व घरगुती वापरासाठी माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी लागते. म्हणजे पाच माणसांची २०० कुटुंबे असतील, तर रोज १५,००० लिटर.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या नेतृत्वाखालील लॉजिस्टिक्स क्लस्टर हा मदतसंस्थांचा मालवाहतूक व साठवणुकीसाठीचा गट मालाचा माग ठेवण्यासाठी ‘रीटा’ ही प्रणाली वापरत आला आहे, पण तेथे अनेक संस्थांचा माल एकत्र हाताळला जातो. आपल्यासारख्या संस्थेला इतक्या मोठ्या यंत्रणेची गरज नाही. पुरात वीज आणि मोबाइलचे टॉवर बंद पडतात, त्यामुळे नेटवर्कविना नोंद घेऊन नंतर ती पाठवणारे साधन हवे. कोबो टूलबॉक्स या फॉर्मद्वारे माहिती गोळा करण्याच्या साधनावर असा पोचपावतीचा फॉर्म बनवता येतो, मात्र ते साठ्याचे पुस्तक नव्हे. शिल्लक वेगळ्या स्प्रेडशीटमध्ये ठेवावी लागेल.

वस्तूंची यादी मे महिन्यातच ठरवून टाका. एकाने ‘ताडपत्री’ आणि दुसऱ्याने ‘प्लास्टिक कागद’ लिहिले, तर एकाच वस्तूचे दोन साठे दिसतात आणि गोदामात माल असूनही नव्याने खरेदी होते. नोंदीचे काम मात्र नव्या संगणक चालकाकडे देऊ नका. जो आज वही लिहितो आणि हमालांसमोर नग मोजून घेतो, त्याच्याच हाती फोन द्या.