वाचकांचे प्रश्न : झुरळाची तक्रार कुणाकडे?

प्रश्न : हॉटेलात सांबारात झुरळ निघालं. महापालिकेत गेलो तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणाले. मग येतं कुणाकडे? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : त्यांनी सांगितलं ते खरं, पण अर्धं. ताटातलं अन्न, भेसळ, लेबल आणि परवाना हा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चा विषय. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपलं एफडीए राबवतं. पाणी, गटार, कचरा, मंडई, कत्तलखाना ही कामं महापालिकेची. हॉटेलामागे खरकटं साचून गटार तुंबलं असेल, तर झुरळं तिथूनच येतात. म्हणून झुरळाचा अर्ज एफडीएकडे द्या आणि गटाराचा आपल्या झोन कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाकडे. दोन्हींची पोच घ्या. एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

तक्रार बहुतेक वेळा अडते ती बिलावर. नुसता झुरळाचा फोटो कुठल्या हॉटेलातला, हे सांगत नाही. ताट, टेबल आणि बिल एकाच फोटोत घ्या. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) क्रमांक छापणं बंधनकारक आहे, अर्जात तोच लिहा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. कळकट स्वयंपाकघराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आधी सुधारणा नोटीसही निघते, तेव्हा दुसऱ्या दिवशी टाळं दिसलं नाही म्हणून अर्ज वाया गेला असं समजू नका.

प्रश्न : शेंगाचटणी कडवट लागली. स्वतः तपासून घेता येईल? (एक गृहिणी, अक्कलकोट रोड)

उत्तर : येईल. कलम ४० नुसार ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते. मेख अशी, की ‘हे तपासायला देणार आहे’ असं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी आठवडाभर उघडी राहिलेली बरणी घेऊन गेलात, तर तिच्यात नंतर काय पडलं हे कोण सांगणार? तेव्हा त्याच बॅचचं बंद पाकीट घ्या. किंवा तक्रार करून नमुना एफडीएच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यालाच घेऊ द्या. तो बाजारभावाने पैसे मोजून माल घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो आणि त्यावर दुकानदाराची सही घेतो. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन त्याच्या वरिष्ठाकडे, म्हणजे पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा दुकानदाराने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो.

कडवटपणा दोन कारणांनी येतो. तेल खवट झालं तर वास लगेच कळतो. ओलसर शेंगांना बुरशी लागलेली असेल तर मात्र प्रकरण गंभीर, कारण तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते शेंगदाणे भाजले तरी पुरतं जात नाही. वर लाल तिखट आणि लसूण असल्यावर जिभेला पत्ताही लागत नाही. सुटी चटणी घ्यायचीच असेल तर रोज खप असलेल्या दुकानातून, थोडी थोडी घ्या.

प्रश्न : रसवंतीचा बर्फ आणि गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर) यात्रेतलं पाणी कोण तपासतं?

उत्तर : यात्रेतल्या तात्पुरत्या स्टॉललाही एफएसएसएआय नोंदणी लागते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन महापालिका पाहते. काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकतात, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. पण सोलापुरात नळ रोज येत नाही, पाणी टाकीत साठतं आणि क्लोरीन उडून जातो. त्यामुळे नळाशी पिवळी आलेली नळी गाड्यावरच्या पिंपाशी कोरी राहू शकते. अर्जात ‘पिंपातलं पाणी तपासा’ असंच लिहा. बर्फाचं सोपं : कारखान्यांसाठीचा, खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर करायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. ग्लासात निळसर खडा दिसला तर रस तिथेच ठेवा.

प्रश्न : भजी वर्तमानपत्रात बांधून देणं चालतं?

उत्तर : नाही. गरम तेलात शाई उतरते. घरून डबा न्या.