तेविसावी मुलाखत घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. कंपनीतले लोक संगणकाची सिस्टीम रोजच्या कामात कशी वापरतात, यावरच्या प्रबंधासाठी बावीस मुलाखती झाल्या, सगळ्या इंग्रजीत उतरवल्यास आणि आता एकदम कोडिंगला, म्हणजे वाक्यावाक्याला अर्थाचं छोटं नाव द्यायला, बसणार आहेस. थांब. तेविसावी मुलाखतही आत्ता घेऊ नकोस.

तू वापरतेस ती ग्राउंडेड थिअरी, म्हणजे सिद्धांत आधी न धरता गोळा केलेल्या माहितीतूनच घडवण्याची पद्धत, ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांची. ती कॅलिफोर्नियातल्या इस्पितळांत, मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांचा अभ्यास करताना घडली. १९६७ च्या पुस्तकात ते सांगतात : आधी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग पाहिला, कारण तिथे रुग्णाला मरणाची जाणीव असण्याचा प्रश्नच नव्हता, मग अतिदक्षता विभाग, मग कॅन्सरचा वॉर्ड. हाती आलेलं वाचायचं आणि त्यावरून पुढे कुठे जायचं ते ठरवायचं. बावीस जणांची यादी आधीच करून ठेवली की नेमकं हेच हातून जातं.

तुझी चौथी मुलाखत मी मूळ मराठीत ऐकली. स्टोअरकीपर म्हणतो, "गाडी आली की माल उतरवून घेतो, वहीत मांडतो. सिस्टीमला संध्याकाळी चढवतो. तोवर सांभाळून घेतो." त्यावर तू कोड दिलास 'रेझिस्टन्स'. अगं, तो कुठे नकार देतोय? पुढची दोन मिनिटं ऐक. खरेदीची ऑर्डर सिस्टीममध्ये दुरुस्त झालेली नाही म्हणून पावती निघत नाही, आणि ड्रायव्हर गेटवर खोळंबलाय. भाषांतरात 'सांभाळून घेतो' चं 'मॅनेज' झालं आणि ही सगळी धडपड पुसली गेली. कोडिंग मराठीतच कर. इंग्रजी प्रबंध लिहिताना येऊ दे.

आता नववी मुलाखत शेजारी ठेव. तिथे अकाउंटंटही महिनाअखेरीला 'सांभाळून घेतो'. पण तो उशीर निभावत नाही, न जुळणारा आकडा झाकतो. शब्द एकच, करणी दोन. या फरकावर आजच मेमो, म्हणजे स्वतःसाठीचं विचारांचं टिपण, लिही, मोडकातोडका चालेल. आणि मग तेविसावी मुलाखत कुणाची ते ठरव : जिथे ऑर्डर वेळेवर दुरुस्त होते अशा शाखेतल्या स्टोअरकीपरची. तिथेही वही असेल, तर 'ऑर्डर अडते म्हणून वही' हे आपलं स्पष्टीकरण अपुरं आहे.

माझ्या प्रबंधाच्या वेळी मी लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या डेव्हिसच्या १९८९ च्या मॉडेलमधले उपयुक्तता आणि सुलभता हे दोन कप्पे आधीच मांडले होते. सगळी वाक्यं त्यांत बसली, नवं काही सापडलं नाही. म्हणून आधीचं संशोधन वाचूच नकोस असं नाही. वांडा ऑर्लिकोव्स्कीचा १९९३ चा लेख जरूर वाच. सॉफ्टवेअर बनवण्याच्या साधनांवरचा आहे, कंपन्या दोनच. पण साधन येताना काम कसं बदलतं, हे तिने माणसांच्या बोलण्यातून उभं केलंय.

सिद्धांत माहितीतून आपसूक उमलू द्यायचा ही ग्लेझरची वाट, की कोडिंगच्या आखीव पायऱ्यांनी जायचं ही स्ट्रॉस-कॉर्बिनची, हा वाद १९९० पासूनचा आहे. एक निवड, का ते पद्धतीच्या प्रकरणात लिही आणि पुढे चल.

मेमो रविवारपर्यंत पाठव. 'सांभाळून घेणे' एवढ्यावरच.