फुकट शिकवणाऱ्याकडे पोराला पाठवू का?

प्रश्न: माझा ११ वर्षांचा मुलगा फुटबॉलवेडा आहे. आमच्या भागात एक माजी खेळाडू पैसे न घेता शिकवतात. घरचे म्हणतात, फुकटच्या शिकवण्यात काही दम नसतो, फी भरून अकादमीत घाला. शिवाय या खेळावर पोट भरतं का? आणि बूट कोणते घेऊ? तुम्ही स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळून आता पोरांना फुकट शिकवताय, म्हणून तुम्हाला विचारते. – एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, कोल्हापुरात फुटबॉल टिकला तोच मुळी फुकट शिकवणाऱ्यांमुळे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, फुटबॉल संघ असलेल्या कुठल्याही तालमीत बघा, संध्याकाळी थोरली पोरं धाकट्यांना घेऊन मैदानात उतरायची. मी तसाच शिकलो, मग मुंबईत क्लबकडून पगारावर खेळलो. गुडघा गेल्यावर परत आलो. आता दिवसा स्पेअर पार्टचं दुकान आणि संध्याकाळी पोरं. मी फी घेत नाही, कारण मलाही कुणी मागितली नव्हती.

तेव्हा फीचा आकडा सोडा आणि एक दिवस मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. तासाभरात तुमच्या पोराच्या पायाला बॉल किती वेळा लागतो? वीस पोरं रांगेत उभी आणि एकजण गोलवर किक मारतोय, असं दिसलं तर तिथं हजारो रुपये भरूनही उपयोग नाही. मी चार विरुद्ध चार खेळवतो, मैदान आखडून, चार नंबरच्या, म्हणजे थोड्या लहान बॉलवर. पाच नंबरचा या वयाला जड पडतो. सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर जातो: पास पायाशी यायच्या आधी मान वळवून मागं बघायचं. शाहू स्टेडियमवर लांब किकला टाळ्या पडतात, म्हणून पोरांना तेच हवं असतं. पण मागून कोण येतंय हे ज्यानं आधीच बघितलंय, त्याच्याकडून बॉल काढून घेणं महाकठीण. हे डोळ्यांचं वळण याच वयात लागतं. विशीत लावायला गेलं तर फार जड जातं, हे मी मुंबईत चांगल्या चांगल्यांच्या बाबतीत पाहिलंय.

त्या कोचनाही बेधडक विचारा: भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा परवाना, केलंय का, प्रथमोपचाराची पेटी असते का, मैदानावर दुसरं मोठं माणूस असतं का. आणि या वयाच्या पोरांकडून हेडिंगचा, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचा, मारा करून घेत असतील तर थांबवायला सांगा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २०२० मध्येच प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढायला सांगितलं.

पोटाचं म्हणाल, तर आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे खरं. पण २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडचा संघसुद्धा पुढे काही वर्षांत बंद झाला, हेही तितकंच खरं. पस्तिशीच्या आत बहुतेकांचं खेळणं संपतं. शाळा सुटता कामा नये. माझ्याकडं परीक्षेच्या आठवड्यात सराव बंद असतो, पोरं कितीही रुसली तरी.

बूट साधे, तळाला रबरी स्टड (उंचवटे) असलेले घ्या, पण आजच्या मापाचे. पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर पाऊल आत सरकतं आणि घोटा मुरगळतो. पैसे कमी पडले तर महागडी जर्सी राहू द्या, नडगी वाचवणारे शिनगार्ड आधी घ्या.