घर-जमिनीच्या व्यवहारातला ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर म्हणजे एजंटच ना?

नाही हो, वेगळा. अमेरिकेत ऑफर मान्य झाली की याचं काम सुरू, मग क्लोजिंगपर्यंत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत, कागद, सह्या, इन्स्पेक्शन नि लोनच्या तारखा, टायटल कंपनीचा (मालकी हक्क तपासणारी) पाठपुरावा सगळं तोच बघतो, भावाची घासाघीस मात्र एजंटकडे. आपल्या गोव्यात हे सगळं एजंट नि वकीलच मिळून निभावतात, आणि गरज तर इथे जास्त! फॉर्म १ आणि १४ वर (गोव्यातला जमिनीचा उतारा) कुळाचं नाव आहे का बघा, बोजा नसल्याचा दाखला काढा, आणि पोर्तुगीज काळापासूनच्या सिव्हिल कोडमुळे विकणारा लग्न झालेला असेल तर सहसा नवरा-बायको दोघांची सही लागते. आमच्या काकांचं म्हापशातलं सेलडीड (खरेदीखत) एका वहिनीच्या सहीपायी अडकलेलं, वहिनी दुबईत, मग पॉवर ऑफ अॅटर्नी मागवली तेव्हा कुठे सुटलं.