देवावर शंका असताना रोज पूजा करणं म्हणजे ढोंग आहे का?

नोकरी गेल्यापासून देवावरचा विश्वास उडालाय, तरी आईचं मन मोडवत नाही म्हणून पूजा करता आणि ताम्हणापुढे बसलं की आपण ढोंगी आहोत असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मला काही तुम्ही ढोंगी वाटत नाही.

आमच्या देवघरात विठोबा-रखुमाईची पितळी जोडी आहे, वीतभर उंचीची. वडील रोज पहाटे त्यांना आंघोळ घालायचे. 2009 साली माझा थोरला भाऊ अपघातात गेला. सुतकात पूजा बंद असतेच, पण तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी वडील देवघराकडे फिरकले नाहीत. आई तिन्हीसांजेला नुसता दिवा लावायची. देव काळवंडले. चार-एक महिन्यांनी एका सकाळी मोरीत खुडबुड ऐकू आली, बघतो तर वडील चिंच लावून देव घासतायत. मला बघून ओशाळले. मग विठोबाकडे बोट करून म्हणाले, "आंघोळ घालतोय फक्त. बोलत नाहीये त्याच्याशी."

बऱ्याच वर्षांनी गाथा चाळताना तुकोबांचा अभंग सापडला, "माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल". पुढची ओळ, "गोष्टी न करी नांव नेघे". म्हणजे बोलणं बंद, नावही घेणार नाही. मला हसूच आलं, हे तर आमच्या मोरीतलं वाक्य! 1630 च्या दुष्काळात ज्याची बायको 'अन्न अन्न' करत गेली, त्याच माणसाची ही गाथा. तिकडे जनाबाई तर विठोबाला 'विठ्या' म्हणून शिव्या घालते. वारकऱ्यांनी हे अभंग लपवून ठेवले नाहीत, टाळ वाजवत म्हटले. रुसायला, भांडायला आपल्याकडे पहिल्यापासून जागा आहे. ज्याच्याशी काही नातंच उरलं नाही, त्याच्याशी कोण भांडत बसेल?

माझं विचाराल तर मीही पुरता आस्तिक नाही. अथर्वशीर्ष म्हणताना तोंड पुढे पळायचं आणि डोक्यात ऑफिसातली भांडणं. ते मी सोडून दिलं. (ढोंग म्हणायचंच तर ते होतं, आणि त्यात पक्के भाविकही सापडतील.) आता सहाणेवर गंध उगाळतो, देव पुसतो, तुळस वाहतो. दहा मिनिटं. मनात 'तू आहेस का रे?' असं आलं तर तेच म्हणतो.

तुम्हीही न पटणारे शब्द गाळा. आणि मागणं काही दिवस बंद ठेवून बघा. 'नोकरी लागू दे' म्हणून फूल वाहिलं की रोज संध्याकाळी निकाल लागतो, आणि रोज कुणीतरी नापास, एक तर तो नाहीतर तुम्ही. आईला हे सगळं समजावत बसायची गरज नाही. तिला तुमच्याहून जास्त कळत असेल.

वडिलांचा अबोला कधी सुटला ते मी विचारलं नाही. पण तीन-चार वर्षांनी, थंडीत एकदा लाईट गेली होती, गीझर बंद. देवघरातून आवाज आला, "आज गार पाण्यावर भागव बाबा."