पानांवरची काजळी आणि फळांतल्या अळ्या

प्रश्न : कुंडीतल्या लिंबाच्या पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर साचला आहे. बुरशीनाशक दोनदा फवारले, तरी फरक पडला नाही. खोडावर मुंग्यांची सतत ये-जा असते. काय करावे?

उत्तर : आपण उल्लेखिलेल्या मुंग्यांमध्येच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. पानांवरचा काळा थर ही बुरशीच असली, तरी ती पानाच्या आत शिरत नाही. मावा, खवले कीड, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण यांसारख्या रस शोषणाऱ्या किडी जो गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात, त्याच्यावर ती वाढते. हा द्रव मुंग्यांना फार आवडतो, आणि तो मिळत राहावा म्हणून त्या ढालकिड्यांसारख्या किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. कीड जिवंत आहे तोवर द्रव झिरपत राहणार आणि काजळी पुन्हा धरणार, म्हणून बुरशीनाशकाचा उपयोग झाला नाही.

प्रथम पानांची मागची बाजू, कोवळे शेंडे आणि फांद्यांचे बेचके भिंगाने नीट पाहा. कीड थोडी असेल, तर ओल्या फडक्याने किंवा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ती पुसून काढणे सर्वांत खात्रीचे ठरते. फार भरलेले शेंडे छाटून टाका. त्यानंतर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळावे यासाठी १ ते २ मिलिलिटर सौम्य द्रवसाबण घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजू भिजतील असे फवारा. मात्र आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहा, कारण तेलाने किंवा साबणाने काही झाडांची कोवळी पाने भाजतात. अंडी आणि मेणाखाली दडलेल्या माद्या या फवारणीतून वाचतात, म्हणून नव्याने बाहेर पडणाऱ्या पिलांसाठी ७ ते १० दिवसांच्या अंतराने ती आणखी दोन-तीन वेळा करावी लागते. खोडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावल्यास मुंग्यांची वाट बंद होते; पण झाडाची एखादी फांदी भिंतीला टेकलेली असेल, तर मुंग्या तिथून चढतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुनी काजळी पाण्याने हळूहळू धुऊन निघेल.

एक कळकळीची विनंती आहे. पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात पांढऱ्या, झुबकेदार, पण आकाराने बऱ्याच मोठ्या आणि चपळ अळ्या दिसल्या, तर त्यांना मारू नका. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याच्या त्या अळ्या पिठ्या ढेकूण खातात, आणि केवळ दिसण्यातल्या साम्यामुळे त्यांचाच बळी जातो, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : द्राक्षाच्या वेलीवर पांढरी भुकटी दिसते. पाऊस नसताना बुरशी कशी येते?

उत्तर : ही भुरी आहे. अन्य अनेक बुरशींप्रमाणे तिला पानावर पाण्याचा थर लागत नाही. हवेतला दमटपणा आणि दाट सावली तिला पुरते. गर्दीच्या फांद्या विरळ करा आणि नत्राचे खत आवरा, कारण त्याने फुटणाऱ्या लुसलुशीत पालवीवर भुरी लवकर पसरते. पाण्यात मिसळणारे गंधक वेष्टनावरील प्रमाणात वापरता येते. मात्र कडक उन्हाळ्यात किंवा तेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत ते वापरल्यास पाने करपतात.

प्रश्न : पेरू वरून निरोगी दिसतात, पण आत अळ्या निघतात. कोणते औषध मारावे?

उत्तर : फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते, त्यामुळे अळ्या गरात शिरल्यावर बाहेरून मारलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि घरी खायच्या फळांवर उगाच विष मात्र राहते. फळ हिरवे आणि टणक असतानाच त्यावर कागदी किंवा बारीक जाळीच्या कापडाची पिशवी बांधा. गळलेली फळे रोजच्या रोज उचला, कारण त्यांतल्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात. अशी फळे तशीच खतात टाकू नका. प्लॅस्टिकच्या घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून काही दिवस कडक उन्हात ठेवा. मिथाइल युजेनॉल या नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या गंधद्रव्याचे सापळे फक्त नरांना पकडतात, म्हणून केवळ सापळ्याच्या भरवशावर पिशव्या बांधणे सोडू नका.